फोटो चोरीला गेला तर काय करायचं, नवं काम भिंतीवर कसं न्यायचं: पुण्यातल्या छायाचित्रकारांसाठी

आषाढात माउलींची पालखी पुण्यातून सासवडकडे निघाली की संध्याकाळपर्यंत दिवे घाटाचे फोटो घरोघरच्या ग्रुपवर फिरू लागतात. फोटो सुंदर असतात, पण ते कुणी काढले हे क्वचितच कळतं. अंधारात घाट चढून जागा धरणारा, पावसात कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून तासन् तास उभा राहणारा माणूस त्या फॉरवर्डमध्ये कुठेच नसतो. पुढे तोच फोटो एखाद्या शुभेच्छा फ्लेक्सवर, कॅफेच्या भिंतीवर नाहीतर पतसंस्थेच्या कॅलेंडरवर दिसतो.

याला वैतागून अनेक जण फोटो ऑनलाइन टाकणंच बंद करतात. मला तो मार्ग पटत नाही. आज कामं येतात ती इंटरनेटवरूनच आणि प्रदर्शनाला माणसंही तिथूनच येतात. माझा आग्रह दोन गोष्टींचा आहे. फोटो आपला आहे हे सिद्ध करणारा कागद चोरी व्हायच्या आधी तयार हवा. आणि नव्या मालिकेचं पहिलं दर्शन फोनच्या पडद्यावर न होता भिंतीवर व्हावं. या दोन्हींसाठी काय काय करायचं, ते क्रमाने लिहिते.

१. फोटो नक्की कुणाचा, हे आधी तपासा

कॉपीराइट अधिनियम १९५७ नुसार छायाचित्र ही कलाकृती आहे आणि फोटो काढणारी व्यक्ती तिची कर्ती. हक्क मिळायला कुठेही नोंदणी करावी लागत नाही. शटर दाबलं की हक्क निर्माण होतो आणि २०१२च्या दुरुस्तीनंतर तो छायाचित्रकाराच्या हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो.

पण याच कायद्याचं कलम १७ लग्नाचे, बारशाचे, पोर्ट्रेटचे फोटो काढणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवं. कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक तो ग्राहक ठरतो. म्हणजे तुम्ही काढलेला वधूचा फोटो एखाद्या दागिन्यांच्या दुकानाने वापरला, तर हक्क सांगण्याचा अधिकार कदाचित तुमच्याकडे नसेलच. उपाय सोपा आहे. कोटेशनमध्येच एक ओळ घाला: ‘सर्व छायाचित्रांचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, ग्राहकाला वैयक्तिक वापराची परवानगी आहे.’ खाली ग्राहकाची सही घ्या. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या फोटोंनाही वेगळे नियम आहेत, तेव्हा नेमणुकीचं पत्र उघडून पाहा.

मालकी ग्राहकाकडे गेली तरी कलम ५७चे हक्क कर्त्याकडेच राहतात. हा फोटो मी काढला, असं सांगण्याचा हक्क तुमचाच. त्याची मोडतोड करून तुमच्या नावलौकिकाला धक्का लागत असेल तर हरकत घेण्याचा हक्कही तुमचाच.

स्पर्धांचे नियम बारकाईने वाचा. ‘आलेल्या सर्व प्रवेशिकांचे हक्क आयोजकांकडे राहतील’ असं वाक्य दिसलं, तर मी त्या स्पर्धेत उतरत नाही, बक्षीस कितीही मोठं असो. हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे असतील तर कायद्याने लेखी आणि सही केलेला करार लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरतात. एखाद्या प्रकाशकाने जुन्या कराराच्या जोरावर तुमचा फोटो अजून वापरात ठेवला असेल, तर या दोन गोष्टी आधी पाहा.

२. अपलोड करण्याआधीची तयारी

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, कुणालाही देऊ नका. ग्राहकाला नाही, वर्तमानपत्राला नाही, जवळच्या मित्रालाही नाही. वाद झाला की तीच तुमची साक्षीदार. त्या फोटोच्या आधीच्या आणि नंतरच्या चार-पाच फ्रेमसुद्धा पुसू नका, मग त्या हललेल्या का असेनात. चोराकडे एकच फोटो असतो. तुमच्याकडे त्या क्षणाची अख्खी ओळ असते.

लाइटरूममध्ये किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये मेटाडेटाचा, म्हणजे फोटोच्या फाइलमध्येच साठवायच्या माहितीचा, एक साचा बनवा आणि कार्डवरून फोटो उतरवतानाच तो सगळ्यांना लावा. त्यात कर्त्याचं नाव, कॉपीराइटची ओळ, ईमेल आणि वेबसाइटचा पत्ता हवा. परवान्याची माहिती देणाऱ्या पानाची लिंक आयपीटीसीच्या (मेटाडेटाच्या ठरलेल्या नमुन्यातल्या) रकान्यात भरली आणि फोटो तुमच्या वेबसाइटवर असेल, तर गूगलच्या चित्रशोधात त्यावर परवान्याची खूण दिसू शकते. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलं किंवा इन्स्टाग्रामवर टाकलं की ही माहिती गळून पडते, म्हणून स्वतःची वेबसाइट हवीच. संपादकाला किंवा ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.

आकार लहान ठेवा. १०८० बाय १३५० पिक्सेलचा फोटो ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापला तर जेमतेम ३.६ बाय ४.५ इंच भरतो. कुणी त्याचं कॅलेंडर केलं तर ते फुटलेलंच दिसेल. फ्लेक्सला मात्र ही अडचण येत नाही. तो लांबून पाहायचा असतो, त्यामुळे एवढ्याशा फाइलवरूनही चौकातला फलक उभा राहतो. पुण्यात मला सर्वाधिक चोरी फ्लेक्सवर दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे असं मला वाटतं.

वॉटरमार्कबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फोटोच्या मधोमध भलंमोठं नाव लिहून स्वतःचंच काम बिघडवू नका. कोपऱ्यातलं नाव एका झटक्यात कापलं जातं आणि हल्लीची एआय साधनं कुठलंही नाव काही सेकंदांत पुसतात. तरीही नाव लिहाच. प्रामाणिक माणसाला तुम्ही सापडता, हा पहिला फायदा. दुसरा कायद्याचा आहे: कर्त्याचं नाव किंवा हक्कांची माहिती परवानगीशिवाय जाणूनबुजून काढून टाकणं हा कलम ६५ब खाली गुन्हा आहे, त्याला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाव पुसलेला फोटो सापडला, तर ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणणं टिकवणं समोरच्याला अवघड जातं. नाव लिहायचं ते दिंडीतल्या गर्दीवर, झाडाच्या खोडावर, पाण्याच्या लाटांवर, लहान अक्षरात. मोकळ्या आभाळावर लिहिलेलं नाव सगळ्यात सहज पुसलं जातं.

निवडक कामाची कॉपीराइट कार्यालयाकडे नोंदणी करून ठेवावी. अर्ज ऑनलाइन होतो, एका कलाकृतीला ५०० रुपये शुल्क आहे आणि हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदवहीतली नोंद न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा म्हणून चालते. सगळ्या फोटोंची करणं परवडणार नाही. ज्या फोटोंची प्रिंट विकायची आहे, जे पुस्तकात किंवा प्रदर्शनाच्या पत्रिकेवर जाणार आहेत, तेवढ्यांची करा.

३. चोरी शोधायची कशी

महिन्यातला एखादा वार ठरवून आपल्या सर्वाधिक फिरलेल्या फोटोंचा उलटा शोध घ्या, म्हणजे शब्दांऐवजी फोटोच टाकून तो कुठे कुठे वापरलाय ते शोधा. गूगल लेन्स, टिनआय, बिंग आणि यांडेक्स या चौघांचे निकाल वेगवेगळे येतात, त्यामुळे एकावर थांबू नका. फोटो आडवा उलटवून आणि नुसता मधला भाग कापूनही शोधा, कारण चोरणारे नेमकं हेच करतात. टिनआयवर निकाल तारखेप्रमाणे लावता येतात, त्यामुळे फोटो आधी कुठे दिसला त्याचा अंदाज येतो.

रस्त्यावरच्या चोरीला मात्र सर्च इंजिन नाही. फ्लेक्स, रिक्षामागची जाहिरात, हॉटेलच्या मेनूचं मुखपृष्ठ, सोसायटीच्या लिफ्टमधलं स्टिकर, हे सगळं मित्रमंडळींच्या डोळ्यांनीच सापडतं. आपलं काम ओळखणारे लोक जितके जास्त, तितकी चोरी लवकर कळते. हेही ऑनलाइन राहण्याचं एक कारण.

४. कुणाशीही बोलण्याआधी पुरावा गोळा करा

या पायरीला घाई करू नका आणि ती गाळूही नका. तुम्ही मेसेज केला की पाचव्या मिनिटाला पोस्ट उडते आणि हातात काही उरत नाही.

पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात लिंक, खात्याचं नाव, तारीख आणि मजकूर दिसला पाहिजे. लाइक आणि कमेंटही असू द्या, त्यातून वापर किती दूर पोचला ते कळतं. लिंक वेगळी लिहून ठेवा. स्क्रीन रेकॉर्डिंग करताना खात्याच्या मुख्य पानापासून पोस्टपर्यंत जा. वेबसाइट असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये ते पान जतन करा. फ्लेक्स असेल तर जवळून एक फोटो आणि चौकाची, दुकानाच्या पाटीची ओळख पटेल असा लांबून एक फोटो काढा. छापील वस्तू असेल तर विकत घ्या आणि बिल मागून घ्या.

मग स्वतःच्या बाजूची फाइल बनवा. माझा घाटातला एक फोटो एका पतसंस्थेच्या कॅलेंडरवर आला होता, तेव्हा ही जुळणी कशी उपयोगी पडली ते सांगते. कॅलेंडरवर फोटो डावीकडून कापला होता, भगवा रंग भडक केला होता आणि खालचं नाव गेलं होतं. माझ्या रॉ फाइलमध्ये डावीकडे विजेचा खांब आणि त्याला टेकून उभा असलेला एक वारकरी होता. कॅलेंडरच्या कडेला त्याच वारकऱ्याच्या हातातल्या पताकेचं फक्त टोक उरलं होतं. पुढच्या फ्रेममध्ये तोच वारकरी दोन पावलं पुढे आलेला. तिन्ही फोटो एका कागदावर शेजारी शेजारी लावून, पताकेच्या टोकाभोवती गोल करून पाठवले. त्यानंतर फोटो कुणाचा यावर चर्चाच झाली नाही, थेट रकमेवर झाली. जे चोरलेल्या प्रतीत नाही आणि तुमच्या मूळ फाइलमध्ये आहे, तेच दाखवा.

प्रकरण न्यायालयात जाईलसं वाटत असेल, तर डिजिटल पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलच्या मजकुरावरून निघणारी तिची डिजिटल ओळख) नमूद करायचं असतं. ते वकिलाकडून करून घ्या, पण मूळ फाइल ज्या कार्डवर किंवा डिस्कवर आहे ती तोवर फॉरमॅट करू नका.

५. कुणाशी भांडायचं, कुणाशी नाही

कुणी आजीने तुमचा विठोबाचा फोटो डीपीला लावला, कुणी विद्यार्थ्याने शाळेच्या प्रकल्पात चिकटवला, तर सोडून द्या. खाजगी वापर, अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन यांना कायद्यानेही काही सूट आहे. माझ्यासाठी हरकत घेण्याची वेळ येते ती तीन ठिकाणी: कुणी त्यातून पैसे कमावत असेल, कुणी माझं नाव काढून स्वतःचं लावत असेल, किंवा फोटोतल्या माणसांचा अपमान होईल अशा मजकुराखाली तो वापरला असेल. तिसऱ्या प्रकारात तर अजिबात थांबू नये. फोटोतल्या माणसाने विश्वासाने आपल्याकडे पाहिलेलं असतं.

पहिलं पाऊल म्हणजे फोन किंवा मेसेज. पुष्कळ प्रकरणं इथेच मिटतात, कारण फ्लेक्स बनवणाऱ्या डिझायनरने फोटो नेटवरून उचललेला असतो आणि मंडळाच्या पोरांना त्याची कल्पनाही नसते. त्यामुळे सार्वजनिक पोस्ट टाकून बदनामी करण्याआधी एकदा असं लिहून पाहा:

‘नमस्कार दादा. आपल्या मंडळाच्या पेजवर काल टाकलेला मिरवणुकीचा फोटो मी काढलेला आहे. मूळ फोटो आणि लिंक सोबत पाठवत आहे. आपण तो आवडीने लावलात याचा आनंद आहे, पण परवानगी घेतलेली नाही आणि माझं नावही काढलेलं आहे. कृपया आज संध्याकाळपर्यंत माझ्या नावासह पोस्ट दुरुस्त करावी, अथवा फोटो पेजवरून हटवावा. पुढे फोटो हवे असतील तर जरूर कळवा.’

व्यावसायिक वापर असेल तर भाषा सौम्य ठेवा, पण सोबत बिल जोडा. फोटो कुठे, किती मोठा, किती प्रतींत आणि किती काळ वापरला त्याप्रमाणे तुमचा नेहमीचा दर लावा. ‘क्रेडिट देतो की’ असं उत्तर येईल. क्रेडिट हा तुमचा हक्कच आहे, ते मानधनाच्या जागी घेऊ नका.

उत्तर आलं नाही तर प्लॅटफॉर्मकडे जा. इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूब या सगळ्यांकडे कॉपीराइट तक्रारीचा वेगळा फॉर्म असतो. पोस्टखालचं साधं ‘रिपोर्ट’ बटण दाबून भागत नाही. या कंपन्या अमेरिकेच्या डीएमसीए (डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अॅक्ट) या १९९८च्या कायद्याप्रमाणे चालतात. त्या नोटिशीत मूळ कामाची ओळख, चोरलेल्या प्रतीची नेमकी लिंक, तुमचा संपर्क, हा वापर परवानगीशिवाय आहे असा प्रामाणिक विश्वास असल्याचं विधान, माहिती खरी असल्याचं विधान आणि सही एवढं लागतं. त्यासाठी अमेरिकेत नोंदणी केलेली असावी लागत नाही. समोरच्याने प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही न्यायालयात गेला नाहीत, तर १० ते १४ कामकाजी दिवसांत फोटो परत दिसू शकतो. नोटिशीवरचं नाव आणि संपर्क समोरच्यापर्यंत पोचू शकतो, त्यामुळे घरचा पत्ता देण्याऐवजी कामाचा द्या.

भारतीय कायद्यातही अशीच सोय आहे. लेखी तक्रार मिळाल्यावर मध्यस्थ संकेतस्थळाला (जिथे इतर लोक आपली सामग्री टाकतात अशा) ३६ तासांत पाऊल उचलावं लागतं आणि २१ दिवस ती सामग्री बंद ठेवावी लागते. त्या २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर ती परत सुरू करता येते. अनोळखी वेबसाइटवर संपर्कच नसेल, तर तिचं होस्टिंग कुणाचं आहे ते ‘हू इज’ शोधातून काढा आणि होस्टिंग कंपनीकडे तक्रार करा. गूगलकडेही शोधनिकालातून ते पान काढण्याची मागणी करता येते.

पुढची पायरी वकिलाची नोटीस. तिथे खर्च सुरू होतो, म्हणून रक्कम मोठी असेल किंवा माणूस सराईत असेल तरच. तुम्ही पुण्यात राहता किंवा व्यवसाय करता, तर चोर दिल्लीचा असला तरी कलम ६२ मुळे दावा इथल्या न्यायालयात लावता येतो. ही तरतूद कलाकारासाठी फार मोलाची आहे. दावा ३ लाख रुपयांच्या वर गेला की तो वाणिज्य न्यायालयाकडे जातो आणि तातडीचा मनाई आदेश मागितलेला नसेल तर आधी मध्यस्थी करावी लागते. भरपाई मागायला ३ वर्षांची मुदत आहे. कलम ६३ खाली फौजदारी तक्रारही होते. त्यात ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. मात्र हक्क तुमचा नसताना ‘जेलमध्ये टाकीन’ असं लिहू नका. निराधार धमकीविरुद्ध समोरचाही कलम ६०चा आधार घेऊ शकतो.

६. नवं काम: आधी भिंत, मग इंटरनेट

नवी मालिका सुरू केली की तिच्यातला सर्वोत्तम फोटो लगेच टाकायची ओढ लागते. ती आवरा. त्या मालिकेतले तीन-चार बरे फोटो दिसू द्या, बाकीचे प्रदर्शनापर्यंत कुणालाही दाखवू नका. प्रेक्षक भिंतीपाशी येतो तेव्हा त्याने तोच फोटो फोनवर आधीच पुढे सरकवलेला असेल, तर तो थांबत नाही. प्रदर्शनाचा दुसरा उपयोग पुराव्याचा. तारीख छापलेली पत्रिका, वर्तमानपत्रातली बातमी, अभिप्राय वही हे सगळं त्या कामाची वेळ आणि कर्ता सांगतं.

निवडीसाठी साधे ४ बाय ६चे स्वस्त प्रिंट काढा आणि जमिनीवर पसरा. पडद्यावर चांगला वाटलेला फोटो इथे कधीकधी मान टाकतो. शेजारशेजारच्या फोटोंत एकच गोष्ट पुन्हा सांगितली जात असेल तर एक उचला, अगदी लाडका असला तरी. छायाचित्रकार नसलेल्या एखाद्या जाणत्या माणसालाही ही मांडणी दाखवा. आपल्याला कॅमेऱ्यामागचे कष्ट आठवतात, त्याला फक्त फोटो दिसतो.

फोटोत चेहरा ठळक असेल आणि प्रिंट विकायची असेल, तर त्या व्यक्तीचं लेखी संमतीपत्र घ्या, मराठीत आणि वाचून दाखवून. इमारती आणि सार्वजनिक जागी कायम उभे असलेले पुतळे यांच्या छायाचित्रांना कायद्याने मुभा आहे. भिंतीवर रंगवलेल्या चित्राला ती तशी लागू होत नाही. ते चित्रकाराचं काम आहे, त्याला विचारा. जो हक्क आपण आपल्यासाठी मागतो, तो त्यालाही आहे.

जागेचं म्हणाल तर जंगली महाराज रस्त्यावरचं बालगंधर्व कलादालन आणि घोले रस्त्यावरचं राजा रवी वर्मा कलादालन ही महापालिकेची. शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन आणि पत्रकारनगरचं दर्पण कलादालन ही आटोपशीर, शांतपणे पाहायला चांगली. बालगंधर्वला नाटकाला आलेला, रस्त्याने चाललेला माणूस सहज आत शिरतो, आणि मला तो प्रेक्षक फार मोलाचा वाटतो. मोजकं, जवळून पाहायचं काम असेल तर लहान दालन बरं. भाडं, अनामत आणि मोकळ्या तारखा प्रत्यक्ष जाऊनच विचारा. जाताना मोजपट्टी न्या. भिंतीची लांबी, हुक किंवा रेल कुठे आहेत, खिळा ठोकू देतात का, दिवे हलवता येतात का, दार किती रुंद आहे, हे सगळं वहीत उतरवा.

तारीख ठरवताना पुण्याचं वेळापत्रक लक्षात घ्या. गणेशोत्सवात मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात. डिसेंबरात सवाईच्या दिवसांत रसिकांची संध्याकाळ तिकडे गेलेली असते. १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनाच्या आसपास समूह प्रदर्शनांची गर्दी होते, शिवाय पावसाळ्यातल्या दमट हवेने कागद फुगतो. नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी मला सगळ्यात सोयीचे वाटतात, पण त्या तारखा लवकर जातात.

७. प्रिंट, फ्रेम, टांगणी

२४ मेगापिक्सेलची फाइल म्हणजे साधारण ६००० बाय ४००० पिक्सेल. ३०० पीपीआयने ती २० बाय १३ इंच होते, २०० पीपीआयला ३० बाय २०. भिंतीवर दोन-तीन फुटांवरून पाहायला २०० पुरतं. सगळे प्रिंट काढायच्या आधी प्रिंटरकडून त्याच्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतील ते सांगणारी फाइल) घ्या आणि सर्वांत काळोखा, सर्वांत उजळ आणि त्वचेचा रंग असलेला अशा तीन फोटोंच्या पट्ट्या छापून पाहा. या पट्ट्या दालनातल्या दिव्याखाली नेऊन बघा. दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली बरा दिसलेला काळा रंग दालनात चिखल होऊ शकतो.

विकायच्या प्रिंटला पिगमेंट शाई आणि आम्लरहित कागद हवा. सुती कागद महाग पडतो, पण पालखीतल्या धुरकट पहाटेला त्याच्यावर जी खोली येते ती चकचकीत कागदावर येत नाही. माउंटबोर्डही (फ्रेममध्ये फोटोभोवती लावायचा जाड पुठ्ठा) आम्लरहितच घ्या, नाहीतर काही वर्षांत कडेने पिवळा पट्टा उमटतो. सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पत्र्यावर) चिकटवलेले प्रिंट चार दिवसांच्या प्रदर्शनाला चालतात, विक्रीला नाही. काचेत समोरची खिडकी दिसणार असेल तर कमी चमकणारी काच किंवा अॅक्रिलिक निदान मोठ्या, काळोख्या फोटोंना लावा. हुक, तार, लेव्हल हे सामान रविवार पेठेत बोहरी आळीत एका फेरीत मिळतं.

भिंतीचा हिशेब आधी कागदावर करा. २४ बाय १६ इंचाचा आडवा प्रिंट, चारी बाजूंना ३ इंच माउंट आणि १ इंचाची फ्रेम धरली तर फ्रेम ३२ बाय २४ होते. दोन फ्रेममध्ये १६ इंच मोकळे सोडले की एका फोटोला ४ फूट लागतात. ६० फूट भिंतीवर १५ फोटो. तेवढेच लावा. दाटीवाटीने लावलेले ३० फोटो पाहून माणूस थकून बाहेर पडतो.

फोटोचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर आणा, साधारण नजरेच्या रेषेत. हुक किती उंचीवर, याचं गणित असं: ५८ अधिक फ्रेमच्या उंचीचा निम्मा भाग, वजा ताणलेली तार फ्रेमच्या वरच्या कडेपासून जितकी खाली येते तितकं. २४ इंची फ्रेम आणि ३ इंच खाली आलेली तार असेल तर ५८ अधिक १२ वजा ३, म्हणजे ६७ इंच.

मथळ्याच्या चिठ्ठीवर नाव, ठिकाण, वर्ष, कागद आणि आवृत्तीचा क्रमांक मराठीत आधी लिहा. मर्यादित आवृत्ती करायची असेल तर आकडा पहिल्याच दिवशी ठरवा, उदाहरणार्थ ७ प्रती आणि स्वतःकडे ठेवायच्या २ कलाकार-प्रती, आणि तो नंतर कधीही बदलू नका. विक्रीच्या पावतीवर लिहा: ‘ही प्रिंटची विक्री आहे, कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील.’ नाहीतर प्रिंट विकत घेणारा सद्भावनेने त्याचं कॅलेंडर छापायला मोकळा झाल्यासारखा वागतो.

८. प्रदर्शनाचे दिवस आणि नंतर

वर्तमानपत्रांना चार-पाच दिवस आधी दीडशे शब्दांचा मजकूर आणि दोन फोटो पाठवा. लांब बाजू १५०० पिक्सेल पुरे. फाइलच्या नावातच तुमचं नाव घाला आणि मेलमध्ये ‘फक्त या प्रदर्शनाच्या बातमीसाठी’ असं लिहा.

पाहायला येणारे फोन काढणारच. ते बंद करू नका. भिंतीसमोर उभ्या माणसाचा, दालनाचा फोटो काढू द्या. त्यातूनच पुढची माणसं येतात. एकेका प्रिंटचा समोरून, फ्रेमभर फोटो काढू नये, एवढीच विनंती दाराशी पाटीवर लिहा आणि पाटीवरच तुमच्या खात्याचं नाव द्या. प्रदर्शनाच्या वेळात स्वतः दालनात थांबा. वारीत चाललेल्या बाईंचा फोटो पाहून एखादे काका ‘ही आमच्या दिंडीतली’ म्हणतात, तेव्हा त्यांचं नाव आणि दिंडीचा क्रमांक लिहून घ्यायला तुम्ही तिथे हवे.

उतरवताना प्रत्येक प्रिंटवर बटर पेपर घालून फ्रेम समोरासमोर ठेवा. न विकलेल्या फ्रेम घरी भिंतीला चिकटवून ठेवू नका, पावसाळ्यात मागून बुरशी येते. सिलिका जेलची पाकिटं ठेवा आणि अधूनमधून बदला. अनामत परत घ्या आणि दालनाच्या भाड्याची पावती प्रदर्शनाच्या फाइलमध्ये लावा.

त्यानंतर मालिकेतले फोटो हळूहळू ऑनलाइन टाका, आठवड्याला एखादा. आधी स्वतःच्या वेबसाइटवर पूर्ण मेटाडेटासह, मग इन्स्टाग्रामवर, आणि प्रत्येकाखाली प्रदर्शनाचं दालन व तारीख लिहून. पहिला फोटो टाकला की तो उलट्या शोधाच्या यादीतही चढवा.